मिसोनी आणि बेनेटन: रंग आधी की विणकाम आधी?

इटालियन, घरच्यांनी उभा केलेला धंदा, लोकरीचे रंगीत कपडे, एवढं सांगितलं की निम्मे लोक बेनेटन म्हणतात आणि निम्मे मिसोनी. बेनेटन आपल्याकडे मॉलमध्ये दिसतं, मिसोनी फारसं कुणी हातात घेऊन बघितलेलं नसतं, त्यामुळे दोन्ही एकच वाटायला लागतात. पण एकच विचारून बघा, रंग कधी चढवला, विणायच्या आधी की विणून झाल्यावर?

मिसोनीत रंग आधी. ओत्ताव्हियो मिसोनी मुळात धावपटू, १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर हर्डल्सच्या फायनलला सहावे आले, आणि इटलीच्या टीमचे लोकरीचे ट्रॅकसूटसुद्धा त्यांच्याच त्रिएस्तेच्या छोट्या कारखान्यातले. त्यांची पुढची बायको रोझिता तेव्हा इंग्रजी शिकायला लंडनला गेली होती, तिथेच ओळख झाली, १९५३ला लग्न झालं आणि मिलानजवळ गाल्लाराते गावात दोघांनी विणकामाची मशीनं टाकली. रोझिताच्या माहेरी शालींचा कारखाना होता, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठा वारसा तोच, कारण शाली विणायची राशेल मशीनं तिला तिथूनच माहीत होती. साध्या स्वेटरमध्ये धागा आडवा जात टाके घालतो, राशेलवर शेकडो धागे उभे येतात, प्रत्येक जण आपापला टाका घालतो आणि ते डावीकडे-उजवीकडे सरकवत नेले की नागमोडी रेघ उठते. ते फेमस झिगझॅग असं विणीतूनच येतं, वरून छापलेलं नसतं. त्यात धागासुद्धा असा की एकाच लडीवर थोड्याथोड्या अंतराने वेगवेगळे रंग चढवलेले, मग विणताना तोच धागा पुढे जाता जाता रंग बदलतो! म्हणजे विणायला बसायच्या आधीच सगळा रंगविचार झालेला असतो, नंतर मन बदललं तर नवीन धागाच रंगवायला लागणार.

बेनेटनचं बरोब्बर उलटं. त्रेव्हिसोकडची चार भावंडं, वडील लवकर गेलेले, ज्युलियाना स्वेटर विणायची, लुचानोने आपलं अकॉर्डियन विकून तिला मशीन घ्यायला पैसे उभे केले, १९६५ला कंपनी झाली. पुढे त्यांनी जी युक्ती काढली ती मला खरंच फार हुशारीची वाटते, न रंगवलेल्या लोकरीचे कोरे स्वेटर विणून ठेवायचे आणि यंदा कुठला रंग खपतोय हे दुकानांतून कळलं की तयार स्वेटरच रंगात घालायचे. नको त्या रंगाचा माल पडून राहत नाही. पण असा स्वेटर एकाच रंगाचा होणार हे उघड आहे, पट्ट्यापट्ट्यांचा हवा असेल तर धागाच आधी रंगवायला लागतो.

धंद्याची वाढही तशीच झाली. बेनेटनची दुकानं जगभर हजारोंनी झाली, घराण्याचा पैसा हायवेच्या कंपन्यांपर्यंत गेला. मिसोनीने १९६९ला सुमिरागो गावात फॅक्टरी बांधली, मुलं तिथेच कामात वाढली, १९९७ला डिझाइनची सूत्रं मुलगी अँजेलाकडे आली, २०१८ला बाहेरचा भागीदार आला तरी विणकामाचं गाव सुमिरागोच राहिलं.

मिसोनीचा जुना स्वेटर कधी हातात आलाच तर आधी पट्टे बघू नका, एकच धागा पकडा आणि बोटाने त्याच्या मागे मागे जा, जांभळा होता होता तो कुठे नारिंगी झाला ते सापडतं का बघा.