धरणं सोपं, सोडणं अवघड: प्रोटीन शुद्ध करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीची पार्श्वभूमी

बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नव्यानं आलेल्या विद्यार्थ्याला लवकरच कॉलम भरायला शिकवतात. कोल्ड रूममध्ये, चार अंश सेल्सिअसला, उभ्या नळीत रेझिन, म्हणजे प्रोटीन धरणारे बारीक कण, ओतायचं, ते बसू द्यायचं, त्यातून बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, फिरवायचा. मग पेशी फोडून आणि सेंट्रिफ्यूज करून मिळालेलं द्रावण वरून सोडायचं, नको ते धुऊन काढायचं आणि शेवटी बफर बदलून हवं ते प्रोटीन खाली उतरवायचं. धुण्यापर्यंत सहसा सगळं सुरळीत चालतं. गाडी अडते ती उतरवताना. प्रोटीन रेझिनला चिकटून बसतं, किंवा उतरतं पण त्याची घडी विस्कटलेली असते आणि एन्झाइम असून ते काहीच काम करत नाही. क्रोमॅटोग्राफी या तंत्राचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मला बराचसा या एकाच अडचणीचा इतिहास वाटतो.

सुरुवात झाली ती पानांच्या रंगांपासून. मिखाईल त्स्वेत हे वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या वॉर्सात काम करत होते. १९०३ साली तिथल्या निसर्ग अभ्यासकांच्या सभेत त्यांनी आपली पद्धत मांडली आणि १९०६ मध्ये जर्मन नियतकालिकात दोन लेख लिहून तिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. काचेच्या अरुंद नळीत खडूची बारीक पूड दाबून भरायची, पानांचा अर्क वरून सोडायचा आणि मागून शुद्ध द्रावक ओतत राहायचं. कॅरोटीन फारसं न अडता खाली निघून जाई. मागे पिवळे आणि हिरवे पट्टे वेगवेगळे उमटत, त्यात हिरव्याचेही दोन प्रकार. मग पुडीचा तो दांडा नळीतून अलगद बाहेर ढकलून, सुरीनं पट्टे कापून, प्रत्येक रंग अल्कोहोलमध्ये उतरवून घ्यायचा. असे शंभराहून अधिक पदार्थ त्यांनी नळीत भरून तपासले होते. कोणता पदार्थ रंगाला किती घट्ट धरतो आणि तो न बिघडवता सोडतो का, याची त्यांना चांगली जाण होती.

नेमकी हीच जाण इतरांना नव्हती. क्लोरोफिलवरचे त्या काळातले सर्वांत वजनदार संशोधक रिचर्ड विलस्टेटर यांनी ही पद्धत करून पाहिली, पण नळीत भरलेला पदार्थ इतका तीव्र होता की क्लोरोफिलच बिघडलं. पद्धत भरवशाची नाही असं मत त्यातून पसरलं. विलस्टेटर यांना १९१५ मध्ये नोबेल मिळालं. त्स्वेत यांना महायुद्धात वॉर्सा सोडावं लागलं आणि १९१९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, व्होरोनेझमध्ये त्यांचा मृत्यू झाला. आपल्या पद्धतीचं चीज झालेलं त्यांनी पाहिलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. १९३१ मध्ये हायडेलबर्गला रिचर्ड कून यांच्या प्रयोगशाळेत एडगर लेडरर यांनी कॅरोटीनचे प्रकार अशाच नळीतून वेगळे केले, तेव्हा कुठे ही पद्धत पुन्हा वापरात आली.

पुढचं पाऊल पडलं ते लोकरीमुळे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना लोकरीच्या प्रोटीनमध्ये कोणती अमायनो ॲसिड्स किती आहेत हे मोजायचं होतं. पाणी आणि क्लोरोफॉर्म असे दोन न मिसळणारे द्रव एकमेकांविरुद्ध वाहवून पदार्थ वेगळे करण्याची यंत्रं त्यांनी बांधून पाहिली. ती चालवणं जिकिरीचं होतं. मग विचार पालटला: दोन्ही द्रव हलवायचे कशाला? सिलिका जेलमध्ये पाणी जिरवून ते जागीच ठेवायचं आणि फक्त क्लोरोफॉर्म वाहू द्यायचा. आता पदार्थ कुठल्या पृष्ठभागाला घट्ट चिकटत नव्हता. तो पाण्यात थोडा वेळ, क्लोरोफॉर्ममध्ये थोडा वेळ, असा येत-जात पुढे सरकत होता. १९४१ च्या त्या लेखात त्यांनी असंही सुचवलं की वाहता द्रव नसून वायू असला तरी चालेल, आणि कण बारीक करून दाब वाढवला तर पदार्थ आणखी चांगले वेगळे होतील. नंतरची गॅस क्रोमॅटोग्राफी आणि एचपीएलसी (जास्त दाबाची द्रव क्रोमॅटोग्राफी) या दोन सूचनांत आधीच होती. १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं.

१९४४ मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी सिलिकाऐवजी फिल्टर पेपर घेतला. कागदाच्या कोपऱ्यात एक थेंब, एका दिशेनं एक द्रावक, वाळवून आडव्या दिशेनं दुसरा, मग अमायनो ॲसिड्सना रंग आणणारं निनहायड्रिन फवारून गरम करायचं. ज्याला रंगच नाही अशा अमायनो ॲसिड्सचे जांभळे ठिपके कागदावर उमटू लागले. खर्च जवळजवळ नाहीच, म्हणून ही पद्धत झपाट्यानं पसरली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. व्ही. गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्तुळाकार कागदावर, मध्यापासून बाहेर पसरणारी पद्धत अमायनो ॲसिड्ससाठी वापरली आणि त्यावर ‘नेचर’मध्ये लिहिलं. बायोकेमिस्ट अर्विन चारगाफ यांना डीएनएमधल्या बेसची प्रमाणं मिळाली ती कागदावरच. बायोकेमिस्ट फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनचे तुकडे लावून त्याच्या ५१ अमायनो ॲसिड्सचा क्रम ठरवला, त्यातही कागदाचा मोठा वाटा होता.

पण हे सगळं तुकड्यांचं काम होतं. अखंड प्रोटीनचं काय? रॉकफेलर संस्थेत स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन बटाट्याच्या स्टार्चपासून सुरुवात करून आयन एक्स्चेंज रेझिनपर्यंत, म्हणजे विद्युतभाराच्या ओढीनं रेणू धरणाऱ्या रेझिनपर्यंत, आले. १९५८ मध्ये त्यांनी स्पॅकमन यांच्यासह बांधलेलं स्वयंचलित यंत्र एका दिवसात अमायनो ॲसिड्सचा पूर्ण हिशेब देऊ लागलं. तेव्हाच्या रेझिनवर रायबोन्यूक्लिएझसारखी लहान, काटक प्रोटीन्स टिकत; मोठी, नाजूक टिकत नसत. ते रेझिन पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचं; त्याला पाण्याचं वावडं, त्यावर विद्युतभारांची दाटी, आणि छिद्रं इतकी बारीक की प्रोटीन आत शिरतच नाही. बाहेरच अनेक ठिकाणी अडकलेलं प्रोटीन सोडवायला जो बफर लागे, त्यातच त्याची घडी उलगडून जाई.

उत्तर निघालं कापूस-कागदाच्या पदार्थातून. अमेरिकेत पीटरसन आणि सोबर यांनी १९५६ मध्ये सेल्युलोजवर विरळ भार बसवले. त्यातून आलेलं डीईएई-सेल्युलोज पाण्यात फुगतं, प्रोटीनला सैल धरतं, आणि मीठ थोडं थोडं वाढवत नेलं की ते सामान्य पीएचलाच सोडून देतं. माझ्या मते प्रोटीन शुद्धीकरणाचा खरा टप्पा हा आहे, आणि त्याची आठवण फार कमी काढली जाते.

तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, स्वीडनच्या उप्सालातून येर्केर पोराथ आणि पेर फ्लोडिन यांनी तर धरणंच टाळलं. डेक्स्ट्रान या शर्करेच्या साखळ्या एकमेकींना जोडून त्यांनी जेलचे मणी केले. फार्मेसिया कंपनीनं ते सेफाडेक्स नावानं विकले. इथे चाळणीच्या उलट घडतं: मोठे रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरू शकत नाहीत म्हणून आधी बाहेर पडतात, लहान रेणू छिद्राछिद्रांत रेंगाळत मागून येतात. काही चिकटवायचं नाही, म्हणून सोडवायचंही नाही. प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनमधली प्रोइन्सुलिनसारखी (इन्सुलिनचं अपूर्ण पूर्वरूप) अशुद्धी काढायला पुढे जेल आणि आयन एक्स्चेंज या दोन्ही पद्धती लागल्या, आणि रुग्णांच्या शरीरात त्या इन्सुलिनविरुद्ध तयार होणाऱ्या अँटिबॉडी कमी झाल्या.

१९६८ मध्ये क्वात्रेकासास, विल्चेक आणि अनफिन्सन यांनी ॲफिनिटी क्रोमॅटोग्राफी हे नाव रूढ केलं. एन्झाइम ज्या रेणूला ओळखतं तोच मण्यावर बांधायचा, म्हणजे गर्दीतून तेवढंच एन्झाइम अडतं. पकड अचूक झाली तसा सोडवण्याचा प्रश्न पुन्हा टोकदार झाला. हिस-टॅग, म्हणजे हिस्टिडिन या अमायनो ॲसिडची छोटी शेपटी, लावलेलं प्रोटीन निकेलवरून उतरवायला इमिडाझोल वापरतात. हिस्टिडिनच्या अंगी जे वलय असतं तेच हे, त्यामुळे ते निकेलवरची जागा पटकावतं आणि प्रोटीनला काही न होता ते सुटतं. अँटिबॉडीचं तसं नाही. तिला धरणाऱ्या प्रोटीन ए या प्रोटीनवरून ती सोडवायला पीएच तीनच्या आसपास न्यावा लागतो. म्हणून उतरणारं द्रावण थोडं थोडं गोळा करायच्या ट्यूबमध्ये आधीच ट्रिस बफरचे काही थेंब घालून ठेवतात, म्हणजे पडणारा प्रत्येक थेंब लगेच उदासीन होतो. ते घालायला विसरलं तर अँटिबॉडीच्या गुठळ्या होऊन ट्यूबमध्ये दुधी गढूळपणा दिसू शकतो. औषधनिर्मितीत याच आम्लतेचा उपयोगही करून घेतात: उतरलेली अँटिबॉडी काही वेळ तशीच ठेवली की सोबत आलेले काही विषाणू निष्क्रिय होतात.

पेशीत प्रोटीन बनवायचा निरोप नेणाऱ्या एमआरएनएच्या बाबतीत मात्र सोडवण्याचा हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच सुटला होता. १९७२ मध्ये अविव आणि लेडर यांनी सेल्युलोजवर थायमिडीनच्या छोट्या साखळ्या बांधल्या. मीठ असलेल्या बफरमध्ये एमआरएनएची ॲडेनिनची शेपटी त्यांना धरते, आणि मीठ काढून घेतलं की आपोआप सुटते. एमआरएनए लशींच्या शुद्धीकरणात याच तत्त्वावरचे कॉलम वापरले जातात, आणि त्यावरून एमआरएनए उतरवायला शुद्ध पाणीही पुरतं.