सोयाबीनला शेजारी कळतो, सावली पडण्याआधीच

सोयाबीन उगवून पंधरा दिवस झालेले असतात. तण बोटभर असतं, त्याची सावली पिकावर पडत नाही, म्हणून निंदण पुढच्या आठवड्यावर जातं. रोपाला मात्र शेजाऱ्याची चाहूल तोवर लागलेली असते.

हिरवं पान उन्हातला लाल प्रकाश (६६० नॅनोमीटरच्या आसपासचा) खातं आणि आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद लाल (७३० च्या आसपासचा) बराचसा परतवतं. रोपातलं फायटोक्रोम, म्हणजे प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य, या दोघांचं प्रमाण ओळखतं. शेजारच्या पानांवरून आडवा आलेला गडद लाल प्रकाश खोडावर पडला की, भरपूर ऊन मिळत असतानाही रोप उंच धावू लागतं. कांड्या लांबतात, फांद्या कमी फुटतात, मुळांच्या वाट्याचं अन्न खोडात जातं. उशिरा तण काढून हे नुकसान पुरतं भरून येत नाही.

दाट पेरणीत सोयाबीनच सोयाबीनला असं पळवतं. ४५ × ५ सेंमी अंतराने हेक्टरी सुमारे ४.४४ लाख रोपं बसतात; त्याला एकरी ३० किलो बियाणं पुरतं. उगवणीच्या धास्तीने ४० किलो पेरलं आणि सगळंच उगवलं, तर खोड बारीक राहतं, खालची पानं पिवळी पडतात आणि सप्टेंबरच्या पावसात पीक लोळतं. त्यापेक्षा ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवावेत. ७० किंवा जास्त उगवले तर ३० किलोच पेरावं.

मग सोयाबीनच्या चार तासांशेजारी (तास म्हणजे ओळ) तुरीचे दोन तास कसे नांदतात? दोघींची गरजेची वेळ वेगळी आहे. तूर पहिले दीड-दोन महिने सावकाश वाढते. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघालं की मोकळ्या जागेत पसरते आणि खोल मुळांनी खालची ओल उचलते. तिची मुळं पिसिडिक आम्ल सोडून लोहाने धरलेला स्फुरदही (फॉस्फरस) सोडवतात, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतील संशोधनातून १९९० मध्ये पुढे आलं. पण तो लाभ लाल जमिनीतला. आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद मुख्यतः चुन्याशी बांधलेला असतो, तेव्हा त्या भरवशावर खत कमी करू नये.

तण मात्र सोयाबीनच्याच वेळेला, त्याच थरातलं पाणी आणि अन्न ओढतं. म्हणून पहिली डवरणी (डवऱ्याने ओळींमधलं तण काढणं) १५-२० दिवसांनी, दुसरी ३०-३५ दिवसांच्या आत. फुलोरा लागल्यावर डवरा घालू नये. तोवर दोन ओळींमध्ये पसरलेली मुळं तुटतात.