पार्श्वभूमी : टाइप केलेली ओळ आकडा समजायची की मजकूर?

मेन्यू दाखवायचा, दोन संख्या मागायच्या, उत्तर छापायचं आणि ‘अजून एक गणित करायचंय का?’ असं विचारायचं. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या बहुतेकांचा पहिला संवादी प्रोग्राम असाच असतो. त्यातली लूप आणि इफ-एल्स सगळ्यांना ठाऊक आहेत. वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर: समोरच्याने टाइप केलेली ओळ प्रोग्रामने संख्या म्हणून घ्यायची, अख्खी पदावली (३+४सारखं पूर्ण गणित) म्हणून की नुसता मजकूर म्हणून?

१९६४ साली अमेरिकेतल्या एका कॉलेजात बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू झाली, तेव्हा चालत्या प्रोग्रामला मध्येच आकडा देण्याची सोयच नव्हती. सगळे आकडे आधीच डेटाच्या ओळींत लिहून ठेवावे लागत. इनपुट ही आज्ञा १९६६च्या आवृत्तीत आली.

आपल्याकडच्या एका मोठ्या पिढीला हा प्रोग्राम भेटला सी भाषा शिकण्यासाठीच्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. स्कॅनएफ हे टाइप केलेलं वाचणारं फंक्शन संख्येची वाट पाहत असताना चुकून अक्षर दाबलं, की ते बफरमध्ये, म्हणजे टाइप केलेलं तात्पुरतं साठवण्याच्या जागेत, तसंच पडून राहायचं. पुढच्या फेरीत स्कॅनएफ पुन्हा त्याच अक्षराला अडायचं आणि मेन्यू न थांबता पडद्यावरून धावत सुटायचा. त्यावर इनपुटचा बफर एफफ्लश या फंक्शनने रिकामा करा, असं सर्रास शिकवलं गेलं. इनपुटवर एफफ्लश वापरल्यास काय होईल, हे सी भाषेच्या अधिकृत मानकात ठरवलेलंच नाही, हे मात्र क्वचितच कुणी सांगायचं.

खरा वाद पेटला पायथन या भाषेत. पायथन २मध्ये दोन फंक्शनं होती. रॉ-इनपुट टाइप केलेलं जसंच्या तसं मजकूर म्हणून द्यायचं. इनपुट मात्र ती ओळ पायथनचा कोड समजून इव्हॅलकडे, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनकडे, सोपवायचं. गणिताच्या प्रोग्रामला हे वरदान वाटे: ‘३+४*२’ (इंग्रजी अंकांत) टाइप करा, ११ मिळतात, ओळीची फोड करणारं वेगळं पार्सिंग नको. पण मग ०१० टाइप केलं तर उत्तरात ८ यायचे, कारण सुरुवातीचं शून्य म्हणजे अष्टमान पद्धत. रोल नंबर ०८ टाकला तर थेट सिंटॅक्स एरर, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही. शिवाय त्या ओळीत कुणी ऑपरेटिंग सिस्टिमची आज्ञा लिहिली, तर तीही चालायची. ज्या सोयीमुळे गणित होत होतं, त्याच सोयीने संगणकाच्या चाव्या समोरच्याच्या हातात जात होत्या.

पायथन ३ची आखणी करताना आधी ही दोन्ही फंक्शनं काढून टाकायचं ठरलं होतं; ज्याला हवं त्याने सिस हे मॉड्यूल (तयार कोडचा संच) इंपोर्ट करून, म्हणजे प्रोग्राममध्ये आणून, ओळ वाचावी. २००६ साली याविरुद्ध प्रस्ताव मांडला गेला. शिकवण्यासाठी वापरायच्या भाषेत माहिती घेण्याचा साधा मार्ग असलाच पाहिजे, पहिल्याच तासाला मॉड्यूल आणि इंपोर्ट समजावत बसता येत नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा. तो मान्य झाला आणि डिसेंबर २००८मध्ये आलेल्या पायथन ३मध्ये इनपुट हे नाव राहिलं, काम मात्र रॉ-इनपुटचं झालं. जुनं नाव नव्या अर्थाने वापरल्याने कित्येक वर्षं गोंधळ झाला, ही तक्रार खरी आहे. ५ आणि ७ची बेरीज ५७ येते (कारण दोन्ही मजकूर म्हणून नुसते जोडले जातात), हा त्यातला सर्वांत ठरलेला प्रश्न. तरीही निर्णय योग्यच होता. आधी मजकूर, मग इंटने पूर्णांकात किंवा फ्लोटने दशांश संख्येत रूपांतर, आणि ते फसलं तर व्हॅल्यूएरर ही चूक पकडून पुन्हा विचारणं: वापरणारा चुकू शकतो, हे नवशिक्याला पहिल्याच प्रोग्राममध्ये कळतं.

जुना कोड आपोआप बदलून देणाऱ्या साधनाने मात्र प्रत्येक इनपुटभोवती इव्हॅल गुंडाळलं, म्हणजे जुनी वागणूक तशीच राखली. शिकवण्यांच्या नोट्समध्ये ती जोडी आजही सापडते. तिच्यात ‘९**९**९’ (इंग्रजी अंकांत; ** म्हणजे घात) टाइप केलं, तर प्रोग्राम ३६ कोटींहून जास्त अंकांची संख्या काढायला बसतो आणि गोठल्यासारखा होतो. इंटला तीच ओळ दिली, तर तो लगेच नकार देतो.

मराठी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक फरक पडला. पायथन ३मध्ये इंट देवनागरी अंक स्वीकारतो. १२ आणि ३० असे मराठी की-बोर्डवरून टाइप केले तरी बेरीज ४२ येते. इव्हॅलला तेच अंक दिले, तर सिंटॅक्स एरर येते.