मच्छर चावला तं एड्स काऊन नाही होत?

चिमूरकडच्या एका शाळेत नववी-दहावीच्या पोरापोरींशी बोलायला गेलो होतो. नाव न लिहिता प्रश्न टाकायला बुटाचं रिकामं खोकं ठेवलं. पहिलीच चिठ्ठी निघाली: ‘मच्छरानं मलेरिया होते, डेंगू होते, मंग एड्स काऊन नाही होत?’

एड्सबद्दल ऐकलं कुठं, असं विचारलं. मोबाइलवरची रील, कटिंगच्या दुकानातल्या गप्पा, पुण्याला कामाला गेलेला भाऊ. पुस्तकातला भाग ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सुटलेला. 2007 मध्ये तर महाराष्ट्रानं शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदीच घातली होती. दवाखान्याच्या भिंतीवर ‘डास चावल्याने एचआयव्ही (एड्सचा विषाणू) होत नाही’ एवढं असतं. का होत नाही ते नसतं. चिठ्ठीवाल्याला नेमकं तेच हवं होतं.

डासाच्या सोंडेत सहा बारीक सुया असतात आणि वाटा दोन. एकीतून त्याची लाळ आपल्या अंगात उतरते, दुसरीतून आपलं रक्त वर चढतं. प्यालेलं रक्त तो पुढच्या माणसात ओतत नाही. म्हणजे जंतूला पुढं जायचं तर डासाच्या पोटातून निघून लाळग्रंथी गाठावी लागते. मलेरियाचा परजीवी हे करतो: पोटाची भिंत भेदतो, तिथं गाठ धरून हजारोंनी वाढतो, मग लाळेत उतरतो. या प्रवासाला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. डेंगूचा विषाणू थेट डासाच्या पेशींतच वाढतो.

एचआयव्हीला पेशीत शिरायला त्या पेशीवर सीडी4 नावाचं प्रथिन लागतं. विषाणूच्या अंगावरचं जीपी120 हे प्रथिन आधी सीडी4ला चिकटतं, मग पेशीवरच्याच सीसीआर5सारख्या दुसऱ्या प्रथिनाला. दोन्ही जुळली तरच दार उघडतं. आत गेल्यावर तो आपल्या आरएनएचा डीएनए करून पेशीच्या डीएनएत घुसवतो. डासाच्या पेशींवर हे सीडी4 नसतंच. त्यामुळे विषाणू बाकीच्या रक्तासोबत पचून जातो. सोंडेला लागून राहिलेलं रक्त इतकं किंचित असतं की त्यातून लागण होत नाही.

जडीबुटीनं एड्स मुळापासून जातो, असं सांगणारी रीलही एकानं दाखवली. हा शुद्ध धंदा आहे. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, गोळ्या फुकट मिळतात. त्या रोज घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. पण गोळ्या सोडल्या की तो परत वाढतो.

शेवटची चिठ्ठी: ‘यात्रेत गोंदून घेतलं तं?’

तिथं मात्र दोन वाटा नाहीत. सुई तीच, शाईची वाटी तीच, आणि मधे रक्त पचवणारं पोटही नाही. एचआयव्हीपेक्षा मोठी भीती हिपॅटायटिस बी या काविळीची. तिचा विषाणू सुकलेल्या रक्तातही 7 दिवस टिकतो. एवढं बोलून मी फळ्यावर 1097 हा एड्सच्या माहितीचा फुकट नंबर लिहिला. वळून पाहिलं तर मागच्या बाकावरची दोन पोरं शर्टाची बाही खाली ओढत होती.