बिग फोरमधली भाऊबंदकी आणि तक्रार करणाऱ्याचं काय होतं

कोल्हापूरच्या राजारामपुरी-शाहूपुरीत आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करणाऱ्या बऱ्याच पोरांचं स्वप्न एकच, पुण्या-मुंबईला जाऊन बिग फोरला, म्हणजे डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या चार बड्या ऑडिट फर्मपैकी एकीत लागायचं. आधी हे बिग फाईव्ह होते, मग पाचवा कुठं गेला असं विचारलं की 'एन्रॉन' एवढंच उत्तर येतं, म्हणजे हिशेबाच्या घोटाळ्यात बुडालेली अमेरिकन ऊर्जा कंपनी. एन्रॉन हा शेवट झाला हो, घरातली भांडणं त्याच्या बरीच आधीची.

तो पाचवा म्हणजे आर्थर अँडरसन, शिकागोची फर्म, 1913 ची. 1989 ला ऑडिट (हिशेबतपासणी) आणि कन्सल्टिंग (कंपन्यांना सल्ला द्यायचं काम) वेगळे केले पण वाटणी अर्धवटच, म्हणजे ज्याचा नफा जास्त त्यानं दुसऱ्याला 15 टक्क्यांपर्यंत द्यायचे असं ठरलं. कन्सल्टिंगवाले जोरात कमवायला लागले, त्यामुळं पैसे तेच देणार, आणि वर ऑडिटवाल्यांनी स्वतःचं कन्सल्टिंगचं दुकान परत उघडलं, मग काय, पेटलंच. 1997 ला प्रमुख निवडायची वेळ आली तर कन्सल्टिंगचे जॉर्ज शाहीन आणि ऑडिटकडचे जिम वाडिया, दोघांनाही दोन तृतीयांश मतं मिळेनात. गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीला ठराव गोळा करताना जे चालतं तेच, फक्त टाय लावून. त्याच वर्षी प्रकरण लवादाकडं गेलं, ऑगस्ट 2000 ला निकाल लागला, कन्सल्टिंगवाले सुटले पण नाव सोडावं लागलं. 1 जानेवारी 2001 पासून ते ॲक्सेंचर.

मागं राहिलेल्यांना मोठे क्लायंट सोडवेनात. एन्रॉनकडून 2000 साली 5.2 कोटी डॉलर फी आली, त्यातले 2.7 कोटी ऑडिटचे नव्हतेच. अँडरसनचाच एक पार्टनर कार्ल बास, हिशेबाच्या अवघड प्रश्नांवर मत देणाऱ्या ग्रुपमधला, एन्रॉनच्या नोंदींवर बोट ठेवत होता. क्लायंटनं कुरकुर केली आणि मार्च 2001 ला त्याला एन्रॉनच्या कामातून बाजूला केलं. माझ्या मते फर्म तिथंच संपली, पुढचे कोर्टाचे सोपस्कार. डिसेंबरात एन्रॉनचं दिवाळं, जून 2002 ला कागदपत्रं नष्ट केल्याच्या खटल्यात अँडरसन दोषी. 2005 ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल एकमतानं फिरवला, पण तोवर 85 हजार माणसांची फर्म उरलीच नव्हती.

ईवायचं प्रकरण गुजरीतल्या, म्हणजे आमच्या सराफ बाजारातल्या माणसाला लगेच कळेल. 2013 ला दुबईत अमजद रिहान हे पार्टनर कालोती या सोन्याच्या मोठ्या रिफायनरीची तपासणी करत होते. सापडलं काय, तर 2012 या एका वर्षात 5 अब्ज डॉलरच्या वर रोखीचे व्यवहार, आणि मोरोक्कोतून आलेलं, वरून चांदी चढवलेलं सोनं, तिथले निर्यातीचे नियम चुकवायला. आपल्याकडं चांदीवर सोन्याचं पाणी चढवतात, इथं उलटा कारभार! रिहाननी वरिष्ठांना सांगितलं, पाठिंबा मिळाला नाही, दुबई सोडावी लागली, 2014 ला ते उघड बोलले. 2020 ला लंडनच्या हायकोर्टानं ईवायला 1.08 कोटी डॉलर भरपाई द्यायला लावली.

त्याच ईवायमध्ये 2022 ला ऑडिट-कन्सल्टिंग वेगळं करायचं 'एव्हरेस्ट' नावाचं प्रकरण निघालं. जागतिक प्रमुख कार्माइन डी सिबिओ मागं लागलेले, अमेरिकेतले पार्टनर अडून बसले, एप्रिल 2023 ला गुंडाळलं. भांडण परत तेच, वाटणीचं.

म्हणून मला वाटतं व्हिसलब्लोअरचा, म्हणजे आतून तक्रार करणाऱ्याचा प्रश्न हिमतीचा कमी आणि मालकीचा जास्त. तक्रार ज्या पार्टनरकडं जाते त्याचंच उत्पन्न त्या क्लायंटवर, आणि उद्या वर चढायचं तर मतंही इतर पार्टनरचीच लागणार.

आपल्याकडं 2009 च्या सत्यम कंपनीच्या हिशेब घोटाळ्यानंतर बरंच बदललं. कंपनी कायदा 2013 चं कलम 177 आलं, लिस्टेड कंपन्यांना आणि बँकांचं 50 कोटींच्या वर कर्ज असलेल्यांना तक्रारीची सोय ठेवावी लागते. 2018 ला ऑडिटरवर नजर ठेवायला एनएफआरए ही सरकारी संस्था आली. पण 177 कंपन्यांसाठी, ऑडिट फर्म म्हणजे कंपनी नव्हे. फर्म एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर 2008 च्या कायद्यात कलम 31 आहे, चौकशीत माहिती देणाऱ्या पार्टनरला किंवा कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्रास देता येत नाही. हे कलम आर्टिकलच्या पोरांना सहसा कुणी सांगत नाही. आणि ज्या फर्म अजून 1932 च्या भागीदारी कायद्यावर चालतात, त्या कायद्यात असलं कलमच नाही.