केझिक-थ्रेलकेल्डचं डांबर: लेक डिस्ट्रिक्टच्या गाडीमुक्त खडीवाटांची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या वायव्येकडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तलावांच्या भागात ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीच्या रस्त्यांवर चालणारी सायकल, घेऊन जायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, केझिक गावाहून जुन्या रेल्वेच्या वाटेने थ्रेलकेल्डला जा, एकही गाडी नाही, चढ हलका, नदी सतत सोबत. सल्ला चांगलाच आहे, पण २०२० पासून त्या वाटेवर खडी उरलेली नाही, डांबर आहे. ते का झालं आणि त्यावरून एवढा गदारोळ का उठला हे नीट कळायला थोडं मागे जावं लागतं, कारण इथल्या बहुतेक गाडीमुक्त वाटा सायकलसाठी म्हणून कोणी आखलेल्या नव्हत्या. कुठे रेल्वे बंद पडली, कुठे लाकूड काढायला जंगलात रस्ता पाडला, कुठे घोड्यांची जुनी वाट होती, आणि सायकल तिथे फार नंतर आली.

केझिकची रेल्वे लाईन खरं तर कोकसाठी, म्हणजे दगडी कोळशापासून केलेल्या भट्टीच्या इंधनासाठी, टाकली होती. पूर्वेकडच्या डरहॅममधला कोक पश्चिम किनाऱ्यावरच्या लोखंडाच्या भट्ट्यांपर्यंत न्यायचा होता, मधे हे डोंगर. १८६१ ला कायदा झाला, १८६४ च्या शेवटी मालगाड्या सुरू झाल्या आणि जानेवारी १८६५ पासून प्रवासी. कॉकरमथ ते पेनरिथ साधारण पन्नास किलोमीटर. केझिक आणि थ्रेलकेल्डच्या मधे ग्रेटा नदी इतकी वळणं घेते की लाईनने तिला आठ वेळा ओलांडलंय. जड मालगाडी ओढायची तर चढ मर्यादेतच ठेवावा लागतो, म्हणून आज लहान मुलंसुद्धा तिथे आरामात सायकल चालवतात. पर्यटक मागाहून वाढले. रेल्वेला विरोधही तेव्हापासूनचाच आहे, १८८३ मध्ये होनिस्टरच्या खाणीतला स्लेट दगड आणायला ब्रेथवेटपासून बटरमिअरकडे लाईन टाकायचं विधेयक आलं होतं, ते लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावं लागलं. ती लाईन झाली असती तर आज डरवेंटवॉटरच्या पश्चिमेला अजून एक सायकलवाट असती असं काही जण म्हणतात, मला तो हिशोब पटत नाही, खाणीची रेल्वे ते खोरं कायमचं बदलून गेली असती.

जंगलातल्या रस्त्यांची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धानंतर देशात लाकडाची टंचाई झाली, १९१९ मध्ये सरकारी वनखातं उभं राहिलं आणि केझिकजवळच्या व्हिनलॅटरला लगेच लागवड सुरू झाली, १९२० च्या दशकात एनरडेल, १९३७ मध्ये ग्रिझडेल. एनरडेलमध्ये सरळ रांगांत स्प्रूस ही परदेशी सूचीपर्णी झाडं लावल्यावर लोक इतके भडकले की १९३६ मध्ये मधल्या सुमारे ३०० चौरस मैलांत लागवड करायची नाही असा समझोता झाला. पण जिथे लागवड आधीच झाली होती तिथे लाकूड वाहून न्यायला रुंद खडीचे रस्ते निघाले आणि सर्वसामान्य गाड्यांना ते बंदच राहिले. आज एनरडेलमध्ये बोनेस नॉटच्या पार्किंगला गाडी सोडायची आणि तिथून पुढे नऊ-दहा किलोमीटर खोऱ्याच्या टोकापर्यंत, ब्लॅक सेलच्या हॉस्टेलपर्यंत, खडीचा रस्ता असतो आणि तुम्ही असता. २००३ पासून त्या खोऱ्यात जंगल जास्तीत जास्त आपल्या मर्जीने वाढू द्यायचं असं धोरण आहे, स्प्रूस कमी होतोय, देशी झाडं परत येतायत. मला विचाराल तर या भागातला सगळ्यात चांगला ग्रॅव्हलचा रस्ता हाच, आणि त्याचं मूळ लोकांना नको असलेल्या लागवडीत आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. घोड्यांच्या वाटांवर, म्हणजे ब्रायडलवेवर, सायकल न्यायचा हक्क इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने मिळाला, अट एवढीच की पायी चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. त्या आधी राष्ट्रीय उद्यान झालं होतं, १९५१ मध्ये, पण उद्यान झालं म्हणजे वाटांवर सायकल चालते असं नाही, नुसत्या पायवाटेवर, ज्याला तिथे फूटपाथ म्हणतात, आजही तो हक्क नाही. विंडरमिअरच्या पश्चिम काठाने रे कॅसलकडे जाणारी खडीची वाट किंवा कॉनिस्टन ते टॉर्व्हर ही जुन्या रेल्वेवरची वाट अशा छोट्या तुकड्यांना म्हणून फार महत्त्व आहे. आणि मोटारींचा प्रश्न कच्च्या रस्त्यांवर अजून सुटलेला नाही, टिलबर्थवेटच्या वाटेवर जीपगाड्या आणि मोटरसायकली बंद करायला २०१९ मध्ये उद्यानाच्या प्रशासनाने नकार दिला, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०२० मध्ये कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला. म्हणजे नकाशावर कच्चा रस्ता दिसला की तो गाडीमुक्त असेलच असं धरू नका.

आता केझिकच्या वाटेकडे. कॉकरमथकडचा पश्चिमेचा भाग एप्रिल १९६६ मध्ये बंद झाला, पेनरिथकडचा मार्च १९७२ मध्ये. रूळ निघाले, पूल राहिले. पुढे थ्रेलकेल्डपर्यंतचा पाचेक किलोमीटरचा तुकडा चालायला आणि सायकलला खुला झाला. फक्त एके ठिकाणी अडचण होती, बॉबिन मिलजवळचा बोगदा १९७० च्या दशकात ए६६ महामार्ग बांधताना बुजवून टाकला होता, त्यामुळे तिथे नदीच्या कडेने लाकडी फळ्यांचा मार्ग टांगावा लागला. १९९४ मध्ये पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचा सुमारे २२५ किलोमीटरचा सीटूसी (सी टू सी, म्हणजे समुद्र ते समुद्र) हा सायकलमार्ग सुरू झाला आणि हा तुकडा त्यात आल्यावर गर्दी एकदम वाढली.

मग ५ डिसेंबर २०१५ चं डेसमंड वादळ. होनिस्टरला २४ तासांत ३४१.४ मिमी पाऊस झाला, ब्रिटनमधला तो विक्रम. २६ जुलै २००५ चे मुंबईतले ९४४ मिमी आठवणाऱ्या आपल्याला आकडा छोटा वाटेल, पण तिथल्या अरुंद खोऱ्यांत सगळं पाणी एकाच नदीत उतरतं. ग्रेटाने दोन पूल उचलून नेले, फळ्यांचा मार्गही गेला, वाट जागोजागी तुटली.

दुरुस्तीचं ठरवताना चांगल्या गोष्टीही ठरल्या. पूल नव्याने बांधायचे, बुजवलेला बोगदा परत उकरून खुला करायचा. यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला वरच्या थरावरून. पूर्वी पृष्ठभाग दाबलेल्या खडीचा होता आणि नव्या आराखड्यात पूर्ण लांबीला डांबर आलं, ते बऱ्याच लोकांच्या लक्षात उशिरा आलं आणि २०१९ च्या सुमारास पेटलं. हजारो सह्यांचा अर्ज, स्थानिक पेपरात पत्रांवर पत्रं. विरोधकांचं म्हणणं असं की २०१७ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा यादीत गेला, तिथे जंगलातून नदीकाठी शहरातल्यासारखी काळी पट्टी कशी टाकता. शिवाय सायकली वेगात जाणार, गोठलेल्या दिवशी घसरणार, घोड्यांचे नाल धरणार नाहीत. उद्यानाचं म्हणणं असं की व्हीलचेअर, बाबागाडी, काठी घेऊन चालणारे लोक यांना वर्षभर भरवशाचा रस्ता हवा, आणि खडी दर मोठ्या पावसाला वाहून जाते, तिची दुरुस्ती कधीच संपत नाही.

इथे जरा थांबून खडीचं बघू, कारण या वादात दोन्हीकडचे लोक खडी म्हणजे सैल दगड असं धरून बोलत होते आणि ते चूक आहे. नीट केलेला खडीचा मार्ग हा आपल्याकडे पीडब्ल्यूडीवाले ज्याला डब्ल्यूबीएम (पाणी मारून दाबलेला खडीचा रस्ता) म्हणतात त्याच जातीचा असतो. खाली मोठा दगड, वर बारीक होत जाणारी खडी, सगळ्यात वर चुनखडीची भुकटी, आणि ती ओली असताना रोलर फिरवायचा. वाळल्यावर वरचा थर इतका घट्ट बसतो की व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाकही रुतत नाही. मधे उंचवटा ठेवून पाणी बाजूच्या चरात काढायचं, हेच खरं काम. ते चर गाळाने भरले की पाणी रस्त्यावरूनच चालू लागतं, आधी भुकटी नेतं, मग बारीक खडी, आणि वर फक्त गोटे उरतात, त्यावर बाबागाडी ढकलणं म्हणजे हाल. तेव्हा खडीवर अपंग व्यक्ती जाऊच शकत नाही हे खरं नाही, आणि खडी चांगली म्हणून कोणी दरवर्षी चर उपसणार नसेल तर ती चांगली राहत नाही हेही तितकंच खरं. प्रश्न देखभालीच्या पैशांचा होता. बांधकामाला एकदा निधी मिळतो, चर उपसायला दरवर्षी कोण देणार, म्हणून डांबर. हे कारण उघडपणे मांडलं असतं तर मला वाटतं अर्धा राग निवळला असता.

पण झालं उलटंच. २०१९ च्या त्याच हिवाळ्यात उद्यानाच्या प्रमुखांनी जाहीरपणे म्हटलं की इथे येणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि आशियाई लोक, तरुण आणि अपंग व्यक्ती फार कमी दिसतात, हे बदलायला हवं. म्हणणं योग्यच होतं. मँचेस्टर-लीड्सकडून तिथे फिरायला जाणाऱ्या आपल्या मराठी घरांनाही ते लागू आहे. मात्र राष्ट्रीय पेपरांनी ते आणि डांबर एकत्र बांधलं, आणि मग डांबराला विरोध म्हणजे नव्या लोकांना विरोध असा अर्थ निघू लागला. जे आयुष्यभर खडीवर चालत आले त्यांना हे फार लागलं. दुसरीकडे ज्या आईबापांना व्हीलचेअरमधल्या मुलाला पहिल्यांदा नदीकाठी नेता येणार होतं त्यांचं म्हणणं मागच्या पानावर गेलं. निर्णय काही बदलला नाही. ५ डिसेंबर २०२० ला, वादळाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, वाट उघडली. खर्च सुमारे ८० लाख पौंड.

माझं मत खडीच्या बाजूचं आहे, ते लपवत नाही. पण त्या बोगद्यातून व्हीलचेअर जाताना बघितल्यावर या एका तुकड्यापुरतं डांबर मी मान्य करतो, कारण हा तुकडा सपाटीच्या सगळ्यात जवळचा आणि गावाला लागून आहे. भीती आहे ती पुढची, की एकदा हे झालं म्हणून उद्या विंडरमिअरच्या काठालाही तेच सुचवलं जाईल. तिथे झाडांच्या मुळांमधून वाट जाते, डांबर दोन हिवाळ्यांत फुटेल.

आणि या सगळ्या भांडणात केझिकच्या पश्चिमेबद्दल कोणीच बोललं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. बॅसनथ्वेट तलावाच्या काठाने कॉकरमथकडे जाणारी लाईन थ्रेलकेल्डच्या तुकड्याइतकीच सुंदर होती, पाण्याला अगदी लागून. १९७० च्या दशकात ए६६ रुंद करताना तो मार्गच महामार्गाखाली घेतला. त्यामुळे आज सीटूसीवाल्यांना केझिकच्या पश्चिमेला व्हिनलॅटरचा चढ घ्यावा लागतो, आणि लहान मुलांना किंवा हातसायकलवाल्यांना तो झेपत नाही. तिथे आता गाडीमुक्त मार्ग करायचा तर जुनी जागा मिळणार नाही, तलावाच्या बाजूला किंवा शेतांमधून नवी पट्टी घ्यावी लागेल, म्हणजे जमीनमालकांशी बोलणी, दलदलीवर भराव, आणि वरचा थर कशाचा यावर पुन्हा पहिल्यापासून चर्चा.