तुमच्या नक्षीचा लाकडी ठसा बनवून घेताना

कागदावर खुलणारी प्रत्येक नक्षी कापड छापायच्या ठशावर चालतेच असे नाही. म्हणून कोरायला देण्याआधी आम्ही तुमच्या चित्रात थोडी ढवळाढवळ करतो. राग मानू नये. केसासारखी बारीक, एकटी उभी रेघ लाकडात टिकत नाही. ती आम्ही जाड करतो किंवा शेजारच्या पानाला टेकवतो. तळहाताएवढा सलग रंगही कापडावर एकसारखा उतरत नाही, तिथे ठिपके किंवा रेघा सुचवतो. अक्षरे सरळच पाठवा, उलटी करायचे काम आमचे.

जितके रंग तितके ठसे. बाह्यरेषेचा ‘रेख’, पार्श्वभूमीचा ‘गद’ आणि आत रंग भरणारा ‘दत्ता’. तीन रंगांच्या कोयरीला तीन ठसे लागतात, आणि खर्चही त्याच हिशोबाने वाढतो. हात आखडता असेल तर नुसता रेख घ्या. लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या काळ्या रंगात एकटा रेख फार देखणा दिसतो. आम्हाला तर तोच जास्त आवडतो.

सुट्या बुटीचे काम सोपे. खरी कसोटी जाळाची, म्हणजे कापडभर सलग पसरणाऱ्या नक्षीची, आणि किनारीची, कारण ठशाची उजवी कड पुढच्या छापाच्या डाव्या कडेला बिनचूक भिडली पाहिजे. नक्षी चारही बाजूंनी जुळवून कागदावर दाखवल्याशिवाय आम्ही कोरायला देत नाही. चादर किंवा टेबलक्लॉथ छापणार असाल तर किनारीच्या कोपऱ्याचा ठसा वेगळा लागतो. हे ऐनवेळी आठवते, तेव्हा आधीच सांगा.

कोरीवकाम गांधीनगरजवळच्या पेथापूरला, सागवानात होते. पूर्वी सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, बाजारात जाणाऱ्या सौदागिरी नावाच्या छापील कापडाचे ठसेही याच गावचे. लाकूड घासून सपाट करतात, पांढरा हात देऊन त्यावर नक्षी उतरवतात, मग छिन्नी लागते. हवा निघून जावी म्हणून मोठ्या ठशाला आरपार भोके ठेवतात. शेवटी ठसा बरेच दिवस तेलात मुरतो. लग्नसराईची ऑर्डर असली तरी हे दिवस आम्ही कापत नाही, कोरडा ठसा पुढे तडकतो.

वापरून झाला की ठसा लगेच साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. रंग खाचांत वाळला तर नक्षी बुजते. सावलीतच वाळवा, आणि मधूनमधून तेलाचा हात द्या.

जुन्या पारंपरिक बुट्या कोणालाही कोरून देतो. तुम्ही स्वतः काढलेली नक्षी मात्र तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला मिळणार नाही.

चौकशी करताना चित्रासोबत छापाचे माप, रंगांची संख्या आणि कापड कोणते, एवढे कळवा.